पहिल्यापासूनच

संपादकांनी मला ‘वाळवंटात फुललेलं कर्तृत्व’ अशा काहीशा विषयावर लिहायला सांगितलं आहे. वाळवंटाशी माझा संबंध गाडीच्या काचेतून दिसेल तेवढाच. आणि कर्तृत्व म्हणाल, तर नोकरीची सगळी वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात काढली. ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असं फोनवर सांगतात, तेव्हा ते रेकॉर्डिंग पुढे कोणीतरी ऐकत असतं. दोह्यातल्या एका सर्व्हे कंपनीत ते कोणीतरी म्हणजे मी होते. आता निवृत्त आहे. कान मात्र निवृत्त व्हायला तयार नाहीत.

या धंद्यात ऐकण्यासारखं काय असतं, असं लोक विचारतात. फोनवर प्रश्न विचारणारी मुलं वेगळी. ती विचारतात, कोणती बँक, कोणतं दूध, कोणता एसी. ती उत्तरं कॉम्प्युटर मोजतो. पण शेवटी एक प्रश्न असतो, ‘का?’ त्याचं उत्तर माणसाने ऐकायचं, त्यातला मुद्दा ओळखायचा आणि योग्य त्या खणात टाकायचा. किंमत, चव, सवय, बायको म्हणाली म्हणून. शेवटचा खण सगळ्यात मोठा असतो, फक्त अहवालात त्याला ‘कौटुंबिक प्रभाव’ म्हणतात.

नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवत असे. समोरच्याने काहीही सांगितलं तरी ‘छान’ म्हणायचं नाही, ‘खरंच?’ म्हणायचं नाही, ‘अरेरे’ तर मुळीच नाही. फक्त ‘बरं’. आपण एकदा ‘छान’ म्हटलं की माणूस पुढची सगळी उत्तरं छान देऊ लागतो. आपल्या लोकांत तर हे फारच. तोंडावर वाईट बोलायचं नाही, हे आपल्याला घरी शिकवलेलं असतं आणि सर्व्हेवाले त्याची शिक्षा भोगतात.

एकदा लबानचा, म्हणजे इथे बाटलीत मिळणाऱ्या ताकाचा, सर्व्हे होता. ठरलेल्या माणसांना दर महिन्याला पुन्हा फोन करून मत कसं बदलतं ते पाहायचं. याला पॅनेल म्हणतात. मधेच कंपनीने बाटलीचं निळं झाकण हिरवं केलं. आत ताक तेच. पुढच्या फेरीत बरेच जण म्हणाले, आंबट लागतं. इथपर्यंत समजण्यासारखं आहे. पण आधी कसं लागायचं, असं विचारल्यावर म्हणाले, आंबटच, पहिल्यापासूनच. हीच माणसं मागच्या महिन्यात त्या ताकाची तारीफ करून गेली होती. त्यांचा आवाज माझ्याकडे होता. ताकवाल्या कंपनीचा विश्वास बसेना, म्हणून तिच्या आग्रहाखातर अल रुवैसच्या एका दुकानदाराला आम्ही फोनवर त्याचंच जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, आवाज मेरा है. पर ये मैं नहीं हूँ.”

चिडला नव्हता, खोटंही बोलत नव्हता. थोडा घाबरला होता, इतकंच. त्यानंतर आम्ही कोणालाही त्याचा जुना आवाज ऐकवला नाही.

लोक मत बदलतात याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. मत असतंच बदलण्यासाठी. पण नवं मत आलं की ते जुन्याला खाऊन टाकतं आणि ढेकरसुद्धा देत नाही. हे ताकाच्या बाबतीत मी गमतीने सांगत असे. खैऱ्यांच्या बाबतीत ते पाहिल्यापासून गमतीने सांगणं बंद केलं.

झालं असं, की इथल्या भारतीयांच्या सगळ्या संस्थांची मिळून एक मध्यवर्ती समिती आहे. तिच्यावर मराठी माणसाला एक जागा मिळण्याची चिन्हं होती. अट एकच, सगळ्या मराठी मंडळांनी मिळून एकच नाव द्यायचं. म्हणून आधी आपापसांत मतदान घेऊन नाव ठरवायचं ठरलं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष बेहेरे नुकतेच मुलाकडे अमेरिकेत राहून आले होते, त्यामुळे ते या आतल्या मतदानाला ‘प्रायमरी’ म्हणू लागले, आणि दोन दिवसांत सगळेच म्हणू लागले.

प्रायमरीचं उद्घाटन मुशैरिबमधल्या हॉटेलात झालं. समई बॅटरीची होती, कारण हॉटेलात आगीला परवानगी नव्हती. ती पेटवण्यासाठी पाच मान्यवर एकामागून एक बटण दाबायला आले. भिंतभर स्क्रीनवर लोकशाहीविषयी इंग्रजीतली वाक्यं सरकत होती. बेहेऱ्यांनी भाषणात जाहीर केलं, की मतदानापूर्वी तीन फेऱ्यांत लोकांचा कौल शास्त्रीय पद्धतीने आजमावला जाईल आणि ही जबाबदारी माधवीताईंनी आनंदाने स्वीकारली आहे. माधवीताई म्हणजे मी. मला हे तिथेच कळलं. शाल मिळाली.

उमेदवार दोन. एक अमेय सरपोतदार, तरुण, एका मोठ्या कंपनीत फायनान्समध्ये, बोलायला गोड, कपडे नेहमी इस्त्रीचे. वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. दुसरे वसंत खैरे. परभणीकडचे, एका बांधकाम कंपनीत खरेदी विभागात, राहायला मुऐदरला. इथे कोणी भारतीय मरण पावला की त्याला घरी पाठवण्याची कागदपत्रं, इस्पितळाचं शवागार, विमानतळाचा मालविभाग, हे सगळं खैरे बघत. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. एकदा कोणाचं तरी केलं, मग दुसऱ्याने नंबर घेतला, असं वाढत गेलं. मेलेल्या माणसाला, मग तो साठीचा असला तरी, ते ‘पोरगं’ म्हणत. “आज दोन पोरं पाठवायची हायेत, ताई, उद्या भेटतो.”

आमच्या सासूबाई इथे आल्या असताना गेल्या, तेव्हाही खैरेच होते. माझा नवरा अविनाश गॅस प्लांटमध्ये इंजिनियर, एरवी कशाने न हलणारा. त्या दिवशी शवागाराबाहेरच्या बाकावर तो खैऱ्यांचा हात धरून बसला होता. खैऱ्यांनी हात सोडवून घेतला नाही. परतताना अविनाश गाडीत म्हणाला, “काय ऊब आहे गं त्या माणसाच्या हाताला. ताप आला की आई कपाळावर हात ठेवायची, तसं वाटलं.” हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

खैऱ्यांना समितीवर जायचं होतं ते मिरवायला नव्हे. उद्घाटनाच्या दिवशी मी त्यांना हात मिळवून शुभेच्छा दिल्या. हात चांगला गरम होता, कारण त्यांच्या गाडीचा एसी बिघडलेला आणि ते ऑक्टोबरच्या उन्हातून आलेले. म्हणाले, “नवीन मॅनेजर आलाय, ताई. म्हणतो, ड्युटी सोडून जायचं नाही. समितीवर गेलो तर कार्ड मिळतं. कार्ड असलं की त्याला बी बोलता येत नाही अन् शवागाराच्या खिडकीवरच्याला बी. नाही मिळालं तर खलास.”

“म्हणजे काम बंद?”

“काम कसं बंद होईल? माणसं तर मरायलीच. पोरं तिथं पडून राहतील अन् घरचे फोन करत बसतील.”

एवढंच पणाला लागलं होतं. स्क्रीनवर सरकणाऱ्या वाक्यांत ते नव्हतं.

फोन करायला मी रेवाला घेतलं. ती वर्षभराच्या करारावर आलेली आयटीतली मुलगी, आवाज सपाट, म्हणजे या कामाला उत्तम. सभासदांमधून चिठ्ठ्या टाकून पॅनेल काढलं. दोन नावं वाचताना क्रम दर फोनला बदलायचा, कारण आधी वाचलेल्या नावाला उगाच फायदा होतो. मतदाराचं नाव मला दिसणार नाही, फक्त आवाज ऐकू येईल. इतक्या वर्षांच्या गणपतीत आरत्या एकत्र म्हटलेल्या लोकांचे आवाज ओळखू येणार नाहीत अशी आशा करणं वेडेपणा होता, पण नियम तो नियम.

पहिल्या फेरीत प्रश्नच नव्हता. “खैऱ्यांशिवाय कोणाला देणार?” “त्यांच्याइतकं कोण करतं हो?” हे दुसरं वाक्य आमच्या शेजारच्या मंजिरीचं. खैरे पॅनेलमध्ये स्वतःही निघाले. उमेदवारांना वगळायला हवं होतं, ते कोणाच्या डोक्यात आलं नाही. रेवा गोंधळली, पण तेच म्हणाले, “विचार की बाई. मी बी मतदारच हाय.” कोणाला मत देणार? “स्वतःला! नाहीतर उभा कशाला राहिलो?” आणि मोकळं हसले. रेवा म्हणाली, “बरं.”

बेहेऱ्यांनी आकडे ग्रुपवर टाकले. कारणं टाकायची नाहीत, असं मी बजावलं होतं आणि त्यांनी ते पाळलं. हे महत्त्वाचं आहे. लोकांनी काय कारणं दिली हे मी आणि रेवा सोडून कोणालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या फेरीत थोडे लोक सरपोतदारांकडे सरकले. ते स्वाभाविक होतं. तो घरोघरी जात होता, मुलांशी इंग्रजीत गप्पा मारत होता, आणि आपली मुलं मराठी समजूनही उत्तर इंग्रजीतच देतात, तेव्हा ती खूश. मी दुपारच्या चहाबरोबर हेडफोन लावून ऐकत होते. उत्तरेकडच्या टाउनशिपमधले एक इंजिनियर म्हणाले, “खैरे चांगलेच आहेत. पण...” मग थांबले. “पण हात गार लागतो हो त्यांचा.”

मला हसू आलं. ‘इतर’ या खणात टाकलं.

मग वक्राहून एक बाई. “माणूस म्हणून उत्तमच. फक्त, शेकहँड केला की हात गार लागतो बघा.” मग आणखी एक. मग आणखी. दोह्यात गार हात हे काय वैशिष्ट्य आहे? आम्ही सगळे घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, ऑफिसातून मॉलमध्ये जाणारी माणसं. आमची कोथिंबीर फ्रिजमध्ये जितकी टिकते त्यापेक्षा आम्ही एसीत जास्त टिकतो. आणि खैरे तर दोह्यातले एकमेव मराठी माणूस असतील ज्यांच्या गाडीत खिडक्या उघड्या ठेवाव्या लागत.

सगळं पुन्हा ऐकलं, तेव्हा शब्दांपेक्षा दुसरंच काहीतरी लक्षात आलं. त्या वाक्याआधी प्रत्येक जण थांबत होता. थांबून आवाज खाली आणत होता, घरात कोणी झोपलेलं असताना बोलतात तसा. वेगवेगळी घरं, वेगवेगळी गावं, एक कोकणी हेल काढणारे, एक अस्सल पुणेरी, आणि तो थांबा मात्र एकच. एका मुलाने तर सांगितलं, की तो नवरात्रानंतर दोह्यात आलाय, खैऱ्यांना अजून पाहिलेलं नाही. मग रेवाने नियमाप्रमाणे ‘का?’ विचारलं.

“नाही म्हणजे... हात गार असतो ना त्यांचा.”

“बरं,” रेवा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा हलला.

मला आधी रेवाचाच संशय आला. विचारणाऱ्याच्या सुरातून उत्तर समोरच्याच्या तोंडात जातं, हे मी बाकीच्यांना शिकवलेलं. तिचा प्रत्येक फोन सुरुवातीपासून ऐकला. काही नाही. तीच एकदा म्हणाली, “मॅम, कुणीतरी व्हॉट्सअॅपवर फिरवलं असेल ना?” आम्ही शोधलं. सगळे ग्रुप पाहिले. सकाळच्या फुलांखेरीज काही सापडलं नाही.

मग सरपोतदारला चहाला बोलावलं. मला वाटलं होतं, गडबडेल. तो उलट खुलून बोलला. “काकू, ॲक्च्युअली मी स्वतः त्यांनाच व्होट देणार होतो. म्हणजे उभा राहिलो तेव्हासुद्धा.”

“देणार होतास?”

“हो.” कपाकडे बघत राहिला. “तुम्ही कधी शेकहँड केलाय त्यांच्याशी?”

“तू केलायस?”

त्याने आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, मी बघत होते. “केला असेल ना,” म्हणाला.

मी एक नवा खण उघडून ठेवला होता. त्याला नाव दिलं, ‘ते काम’. मला कारण कळत होतं, न कळायला मी मूर्ख नव्हते. पण शवागार, मरण, विमानतळ, अशुभ, यातला एक शब्द जरी कोणी उच्चारला असता तरी मी तो तिथे टाकला असता, आणि मग त्याच्याशी भांडता आलं असतं. कोणी उच्चारला नाही. तो खण शेवटपर्यंत रिकामा राहिला आणि ‘इतर’ भरत गेला.

शुक्रवारी सकाळी घरी पोहे केले होते. इथे सुट्टी शुक्रवारची. अविनाश लिंबू पिळता पिळता म्हणाला, “मी सरपोतदारला देईन म्हणतोय.”

“का?” तोंडातून निघून गेलं.

तो थांबला. चमचा बशीत ठेवला. आवाज खाली आणला. घरात आम्ही दोघंच होतो, झोपलेलं कोणी नव्हतं. “खैरे चांगलेच आहेत गं. पण हात फार गार लागतो त्यांचा.”

“अविनाश, आई गेल्या त्या दिवशी तू त्यांचा हात धरून बसला होतास.”

“हो ना. तेव्हाच जाणवलं मला.”

“तू गाडीत म्हणालास, किती ऊब आहे म्हणून. आई कपाळावर हात ठेवायची तसा, म्हणालास.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी ओळखली. कधी पाहिली नव्हती, फक्त फोनवर ऐकली होती. अल रुवैसच्या त्या दुकानदाराची. “मी?” तो म्हणाला. “माधवी, मी तर शहारलो होतो. आईचाच हात धरलाय असं वाटलं, आत ठेवलेल्या.” मग पुन्हा पोहे खाऊ लागला. “शेंगदाणे मस्त कुरकुरीत झालेत.”

आईची ती शेवटची ऊब त्याच्याजवळून गेली होती आणि ती गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. कोणी नेली तेही सांगता येत नव्हतं.

तिसरी फेरी मी ऐकली ती कर्तव्य म्हणून. मंजिरीसुद्धा आता म्हणत होती, “माझं आधीपासून सरपोतदारच. खैरे काय, हात गार लागतो त्यांचा.” ऐकत ऐकत शेवटी आले, तर खैऱ्यांचा आवाज. मी कानावरचे हेडफोन नीट केले. निदान एक मत तरी जागेवर असेल.

“कोणाला मत देणार, सर?” रेवा.

“सरपोतदारांना.”

“का?”

रेकॉर्डिंगमध्ये मागे कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला. मग तो थांबा आला. तोच. आवाज खाली आला. “गार लागतो हो लोकांना माझा हात. म्हणजे हायच गार. पहिल्यापासूनच.”

रेवा ‘बरं’ म्हणालीच नाही. फोन नुसता बंद झाल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी मुऐदरला गेले. बाजारात त्यांच्या घराजवळ करकची, म्हणजे इथल्या घट्ट दुधाच्या चहाची, टपरी आहे. खैरे बाहेरच्या खुर्चीत बसले होते. डिसेंबरचं छान ऊन होतं आणि त्यांनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले होते. समोरचा चहा तसाच, वर साय धरलेली.

“ताई, तुमी इकडं कुठं?”

“हात द्या,” मी म्हणाले.

“राहू द्या.”

“द्या म्हणते ना.”

त्यांनी उजवा हात बाहेर काढला, भीत भीत. मी दोन्ही हातांत धरला. सांगते ते नीट ऐका, कारण याची दुसरी साक्ष कोणी देणार नाही. हात गरम होता. उन्हात बसलेल्या, पोटभर जेवलेल्या, चांगल्या प्रकृतीच्या माणसाचा असतो तसा. किंचित घामट.

“खैरे, गरम आहे हो तुमचा हात.”

ते हसले. त्या हसण्यात माझ्याविषयी दया होती. “तुमी चांगल्या घरच्या, ताई. तोंडावर कोण वाईट बोलतं?”

“मी खरं सांगतेय.”

“सगळेच खरं सांगायलेत. इतक्या लोकांना खोटं कसं लागंल?” त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुन्हा खिशात घातला. “मला बी वाटायचं, गरम हाय म्हणून. मग बायकोच्या गालाला लावून बघितला. ती काही बोलली नाही. पण जराशी मागं सरली.”

आयुष्यभर मी मुलांना शिकवलं होतं, तोंडावर बोललेलं चांगलं खरं धरायचं नाही. ते कोणीतरी पक्कं शिकलं होतं.

तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन वाजू लागला. पडद्यावर ‘बशीर शवागार’ असं नाव. बशीर तिथला मदतनीस, केरळचा. खैऱ्यांनी फोनकडे पाहिलं आणि उचलला नाही. तो थांबला, पुन्हा वाजू लागला. शेजारच्या टेबलावरचे दोन ड्रायव्हर आमच्याकडे बघू लागले.

“घ्या ना,” मी म्हणाले.

“मी नको आता. वाईट दिसतं.” त्यांनी कोपराने फोन माझ्याकडे सरकवला, हात खिशातून न काढता. “तुमी घ्या, ताई. तुमचा हात गरम हाय.”

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलला. पलीकडून आवाज आला, “खैरे साब? एक लड़का आया है. पेपर कौन करेगा?”

“बोलो,” मी म्हणाले. “मैं करूँगी.”

मतदानात सरपोतदार निवडून आला. सत्कार त्याच हॉटेलात झाला, समई तीच, या वेळी बटण दाबायला सात जण. खैरे दुसऱ्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवत होते. ते टाळ्या वाजवतानाच मला त्यांचे दोन्ही हात दिसले. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, हॉल भरलेला असून. सरपोतदारने समितीवर गेल्यावर ‘साहाय्य कक्ष’ काढला. त्याला सुंदर बोधचिन्ह आहे आणि कामाच्या वेळा आहेत. माणसं त्या वेळांत मरत नाहीत, एवढीच अडचण. मी पाठवलेल्या कागदावर तो लगेच सही करतो, हे कबूल करायला हवं. व्हॉट्सअॅपवर करतो. तिकडे येत नाही.

तिकडे मी जाते. खैऱ्यांचा नंबर गावोगावच्या लोकांनी जपून ठेवलेला आहे, तो अजून वाजतो आणि खैरे तो माझ्याकडे वळवतात. मी निवृत्त, मला कोणा मॅनेजरची परवानगी लागत नाही. कार्ड नाही, त्यामुळे खिडकीबाहेर बसावं लागतं, ज्या बाकावर अविनाश बसला होता त्याच बाकावर. कोणाचा भाऊ, कोणाचा रूममेट शेजारी येऊन बसतो. त्याने हात पुढे केला तर धरते. बशीर मला ‘मॅडम’ म्हणायचा, आता ‘चेची’ म्हणतो, त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. एकदा खैऱ्यांना विचारलं, तुम्ही सोबत तरी या, मला कागद कळत नाहीत. म्हणाले, “मला बी कुठं कळतात, ताई? मी कधी फार केलंच नाही ते. थोडंफार कोणाला सोबत जायचो.” थट्टा करत नव्हते. मी त्यांच्या डोळ्यांत शोधून पाहिलं.

या चैत्रात मंजिरीकडे हळदीकुंकू होतं. गौर छान सजवली होती, आंब्याची डाळ होती, पन्हं होतं. बायका नवीन साड्यांविषयी आणि मुलांच्या परीक्षांविषयी बोलत होत्या. मी आत गेले तेव्हा बोलणं थांबलं नाही, पण कोचावर थोडी जास्तच जागा झाली. मंजिरीने मला हळद लावली, कुंकू लावलं, मग अत्तर लावायला माझा हात धरला. धरून लगेच सोडला.

“अगं बाई, माधवी,” ती हसत म्हणाली, आणि हसता हसता आवाज खाली आणला, “हात किती गार तुझा.”

बाहेर बेचाळीस डिग्री होते. मी शवागारातून नव्हे, स्वयंपाकघरातून आले होते. पोळ्या लाटून.

“कधीपासून गं?” मी विचारलं. जुन्या सवयीने, सपाट आवाजात, सुरातून कुठलंही उत्तर सुचवणार नाही अशी काळजी घेऊन.

“इश्श, कधीपासून काय? तुझा पहिल्यापासूनच असतो.”

“बरं,” मी म्हणाले.